युद्धाचं कर्ज नागरिकांनी का फेडायचं?

पुस्तकात युद्ध तहावर संपतं, बिल मात्र नंतर येतं. पहिलं महायुद्ध १९१८ साली थांबलं. त्या युद्धाची खंडणी भरण्यासाठी जर्मनीने जे कर्ज काढलं, त्याचा शेवटचा हप्ता भरला गेला ३ ऑक्टोबर २०१० रोजी! तो कर भरणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच ते युद्ध पाहिलं नव्हतं.

१९२१ मध्ये विजेत्या राष्ट्रांनी जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी बसवली. ज्याच्या राज्यात युद्ध झालं तो कैसर विल्यम हॉलंडला निघून गेलेला. भरायचे कोणी? मागे राहिलेल्यांनी. १९२३ मध्ये एका पावाला अब्जावधी मार्क पडू लागले. अर्थात याला एकटी खंडणी कारण नव्हती. सरकारने बेसुमार छापलेल्या नोटाही होत्या.

मग जनता निर्दोष होती का? मला तसं सरसकट म्हणता येत नाही. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन संसदेने युद्धकर्जाला मंजुरी दिली, आणि ही संसद पुरुषांच्या मतांवर निवडून आलेली होती. (स्त्रियांना तेव्हा मताधिकारच नव्हता.) शिवाय उत्तर फ्रान्समधली गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली, ती परत उभी करायला पैसा कुठून तरी यायलाच हवा ना?

आता आपल्याकडे बघा. १८५७ चा उठाव मोडायला प्रचंड खर्च आला. १८५८ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचं कर्ज हिंदुस्थानच्या महसुलावर टाकलं. म्हणजे ज्यांच्यावर तोफा डागल्या, दारूगोळ्याचे पैसेही त्यांच्याच शेतसाऱ्यातून! १९१७ मध्ये ब्रिटनच्या युद्धासाठी हिंदुस्थानच्या नावावर १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली गेली. शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं? हे कर्ज आपलं नव्हतंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे लोकांना ‘नाही’ म्हणायचा हक्क होता, तिथे त्यांनी वाटा उचलावा. पण झेपेल तेवढाच, आणि कर्ज देणाऱ्यानेही थोडं सोसावं. १९५३ च्या लंडन करारात हेच झालं. जर्मनीचं जवळपास निम्मं कर्ज माफ झालं. काही व्याज तर देश पुन्हा एक होईपर्यंत पुढे ढकललं. १९९० मध्ये देश एक झाला आणि ते खातं पुन्हा उघडलं. बर्लिनची भिंत उभीच राहिली असती, तर ते व्याज आजही थकलेलंच असतं.