सदतिसाव्या वर्षी पहिला संगणक

‘आता या वयात कुठे कोडिंग?’ चाळिशीच्या उंबरठ्यावर हा प्रश्न हमखास कानी पडतो.

ग्रेस हॉपर गणिताच्या प्राध्यापक. अमेरिकी नौदलाने आधी वय आणि वजनावर बोट ठेवून त्यांना नाकारले. १९४४मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्या हार्वर्डच्या मार्क-१ या संगणकापुढे उभ्या राहिल्या. पन्नास फूट लांबीचे, छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारे ते धूड! १९५२मध्ये त्यांनी अगदी सुरुवातीचा कंपायलर, म्हणजे सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लिहिला. पुढे व्याख्यानांत त्या फूटभर तारेचे तुकडे वाटत. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश एवढाच पुढे जातो.

जपानच्या मासाको वाकामिया तर बँकेतून निवृत्त झालेल्या. २०१७मध्ये, ८१व्या वर्षी, त्यांनी पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याचा ‘हिनादान’ हा आयफोनवरचा खेळ तयार केला.

असेच उशिरा सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळलेल्या शिक्षिका, डेटाच्या कामात शिरलेले लेखापाल या अंकात भेटतील, पगारकपातीच्या हिशेबासकट.