तीजनबाई उभ्या राहिल्या

भिलाईकडे पोस्टिंग म्हटलं की मित्र दोनच गोष्टी विचारतात. स्टील प्लांट कसा आहे आणि नक्षली भाग किती लांब. कुम्हारीत राहिल्यावर मला वाटतं, तिसरा प्रश्न तीजनबाईंचा हवा. कुम्हारी म्हणजे रायपूर-भिलाई हायवेवरचं गाव. तीजनबाईंचं गनियारी भिलाईपासून साधारण 14 किलोमीटरवर. 1956 साली पारधी कुटुंबात त्या जन्मल्या. तीजेला जन्म, म्हणून नाव तीजन, असं सांगतात.

पंडवानी म्हणजे छत्तीसगढीत गायलेली पांडवांची कथा. पोवाडा ऐकलेल्या माणसाला ती लगेच भिडते. शाहिरामागे जसे झीलकरी, तसा इथे रागी असतो. हुंकार देतो, मधेच प्रश्न विचारून कथा पुढे ढकलतो. गाण्याच्या दोन रीती आहेत. वेदमतीत बसून गायचं, कापालिकात उभं राहून, वावरत, अभिनय करत. बायकांनी गायचंच तर बसून, उभं राहणं पुरुषांचं, असा रिवाज होता.

तीजनबाई आजोबा ब्रजलाल यांच्याकडून ऐकून ऐकून शिकल्या. 13व्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला, 10 रुपयांवर, आणि तोही उभं राहून. हातात मोरपिसं लावलेला तंबोरा. तोच भीमाची गदा होतो, तोच अर्जुनाचं धनुष्य. आवाज असा, की मागच्या रांगेतल्या माणसानेही पाठ सरळ करून बसावं.

याची किंमत मोजावी लागली. बाईमाणूस गाते म्हणून समाजाने बाहेर काढलं. झोपडी बांधून त्या एकट्या राहिल्या, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी मागून आणली, पण गाणं सोडलं नाही. पुढे हबीब तनवीर यांनी त्यांना ऐकलं आणि सगळं बदललं. 2003 मध्ये पद्मभूषण, 2019 मध्ये पद्मविभूषण.

आपण त्यांची ओळख करून देतो ती या पदकांनी. मला ते पटत नाही. फौजेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पदक नंतर येतं. छातीवर काही नसताना, पाठीशी कोणी नसताना ती मुलगी उभी राहिली, मान द्यायचा तो त्या वेळेला.

आणखी एक. भिलाई स्टील प्लांटने त्यांना नोकरी दिली. लोखंडाच्या कारखान्याने गाणाऱ्या बाईला पगार सुरू केला, ही मला मोठी गोष्ट वाटते. महिन्याच्या पगाराची आणि पेन्शनची किंमत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. आपल्याकडे तमाशातले म्हातारे कलावंत मानधनाची वाट बघत बसतात. त्यांचा सत्कार करणारे पुष्कळ, नोकरी देणारे किती?

काही जण म्हणतात, गाणं ठीक आहे, पण समाजासाठी त्यांनी काय केलं? अरे, शिकवलं की! भिलाईच्याच उषा बारले त्यांच्याकडे शिकल्या आणि 2023 मध्ये पद्मश्री झाल्या. आज या पट्ट्यात एखादी पोरगी तंबोरा घेऊन उभी राहिली तर तिला कोणी गावाबाहेर काढत नाही.

पुढच्या बडाखान्याला ऑर्केस्ट्राऐवजी पंडवानीची मंडळी बोलवू, असं मी सुचवलंय. ॲडज्युटंट साहेब 'बघू' म्हणालेत.