साथ नसतानाचे संशोधन

२००६ साली गुलबर्गा व बीदर जिल्ह्यांत गावेच्या गावे सांधे धरून बसली. ताप उतरला, तरी कित्येकांची बोटे महिनोमहिने मिटेनात. त्या वर्षी देशात चिकुनगुनियाचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. रोग आपल्या टापूला नवा नव्हता. १९७३ मध्ये तो शेजारच्या बार्शीत येऊन गेला होता. मग या वेळी वेगळे काय होते?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. डॉ. अरणकल्ले यांनी काविळीच्या विषाणूंवर दीर्घकाळ काम केलेले. संस्थेने १९६३ पासूनचे चिकुनगुनियाचे विषाणू जपले होते. त्यांची जनुकीय रचना नव्यांशी ताडली, तेव्हा १९६३ व १९७३ चे विषाणू आशियाई कुळाचे, तर साथीतले आफ्रिकी कुळाचे निघाले. त्याच आफ्रिकी कुळाचा विषाणू २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे मिळालेला होता! पाहुणा उंबरठ्यावर आधीच आला होता; ओळख पटली ती घर पेटल्यावर.

तेव्हा नमुने नुसते जपून भागत नाही. साथ नसतानाही ते वाचणारी माणसे हवीत. रांजण-हौद भरून ठेवणे आपल्या कोरड्या मुलखाला सुटत नाही, आणि एडिस डास त्याच पाण्यात वाढतो. ही पाळत कलबुर्गीतच का राहू नये? तेथे १९८० पासून विद्यापीठ आहे. आपल्या घरांतील हुशार मुलामुलींनी डॉक्टरकीइतकेच या कामाकडे वळावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यात प्रतिष्ठा मानावी.