ज्योतीवरचा पहारा आणि स्वस्ताईचा हिशेब

वडखळचा नाका ओलांडून महाडच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला डोलवीच्या कारखान्याची धुराडी दुरूनच दिसू लागतात. एका बाजूला धरमतरची खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि मध्ये पोलादाचा हा अवाढव्य पसारा. १९९४ मध्ये येथे नैसर्गिक वायूवर चालणारा स्पंज आयर्नचा कारखाना सुरू झाला, पुढे पोलादनिर्मिती आली, २०१० च्या अखेरीस मालकी बदलली आणि त्यानंतरच्या दशकात उत्पादनक्षमता वर्षाला एक कोटी टनांपर्यंत नेण्यात आली. थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि उरणचे वायुकेंद्र यांची जोड दिली, म्हणजे मुंबई हायच्या १९७४ मधील शोधाने रायगड जिल्ह्याचे अर्थकारण किती आमूलाग्र पालटले याची कल्पना येते. हा जिल्हा आता जितका भाताचा आणि मिठाचा, तितकाच ज्वलनशील वायूचाही आहे.

अशा जिल्ह्यातील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने गुंतवणूक, रोजगार, भूसंपादन अशा मोठ्या प्रश्नांवर लिहावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र बोटभर लांबीच्या एका वस्तूचा आहे. वायूच्या भट्टीतील बर्नरची ज्योत पेटलेली आहे की विझली आहे, हे सतत पाहणारा जो ‘फ्लेम सेन्सर’ असतो, तो निकामी झाल्यावर त्याच्या जागी नवा कोणता बसवावा, हा तो प्रश्न. तो फिटरचा आहे, प्राध्यापकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ही निवड बहुतेक ठिकाणी फिटर करीत नाही. ती खरेदीच्या टेबलावर होते आणि तेथे केवळ दर पाहिला जातो. म्हणूनच तो अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो एका लहान कारखान्यात भट्टीवर काम करतो. बोलता बोलता तो सहज म्हणाला, “सर, पावसाळ्यात सेन्सर फार त्रास देतो. सारखी भट्टी बंद पाडतो. मग आम्ही तो बायपास करतो.” त्याच्या स्वरात अपराधाची छटाही नव्हती. पंखा कुरकुरतो म्हणून बंद करावा, तितक्या सहजतेने तो ते बोलत होता. भट्टीवरचा पहारेकरी कटकट करतो म्हणून त्याला झोपवून टाकावयाचे आणि काम पुढे रेटावयाचे, हा व्यवहार त्या ठिकाणी अंगवळणी पडला होता. डोलवीसारख्या महाकाय प्रकल्पांत अशा बाबींसाठी अभियंत्यांचे स्वतंत्र ताफे असतात. माझी चिंता आहे ती लहान भट्ट्यांविषयी: उष्णतोपचाराच्या, पत्रा रंगवून भाजण्याच्या, ओतकामाच्या आणि बेकरीच्यासुद्धा.

हा पहारा कशासाठी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मिथेन हा नैसर्गिक वायूचा मुख्य घटक. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, की ते मिश्रण ठिणगीची वाट पाहणारी दारू होते. समजा, भट्टीची पोकळी १० घनमीटर आहे आणि बर्नरमधून ताशी ५० घनमीटर वायू येतो. ज्योत विझली आणि वायू तसाच वाहत राहिला, तर अर्धा घनमीटर, म्हणजेच पोकळीच्या ५ टक्के, वायू साचण्यास अवघी ३६ सेकंदे पुरतात. हे गणित ढोबळ आहे. बर्नरमध्येच हवा मिसळलेली असेल, तर धोका याहूनही लवकर उभा राहतो. औद्योगिक भट्ट्यांसाठीचे अमेरिकन मानक, ज्योत गेल्यापासून चार सेकंदांच्या आत वायू तोडण्याची यंत्रणा कार्यान्वित व्हावी, अशी अपेक्षा धरते. चार सेकंदांत आपल्या उदाहरणातील भट्टीत अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वायू शिरतो. अपघात होणे आणि न होणे यांतील अंतर हे असे सेकंदांचे आहे.

आता निवडीकडे वळू. सेन्सर म्हणजे एकच वस्तू नव्हे. घरगुती उपकरणांत आणि लहान शेगड्यांत थर्मोकपल असतो. पायलटच्या ज्योतीने तो तापला, की काही मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो आणि त्यावर वायूची झडप उघडी राहते. ज्योत गेली, की तो निवतो आणि झडप मिटते. परंतु निवण्यास अर्धे-पाऊण मिनिट लागू शकते. लहान शेगडीला हे चालते, मोठ्या बर्नरला नाही. तेथे फ्लेम रॉड वापरतात. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची ही सळई ज्योतीत उभी असते. ज्योतीतील विद्युत्भारित कण वीज वाहून नेतात आणि सळई लहान व बर्नरचा पृष्ठभाग मोठा असल्याने प्रत्यावर्ती विजेचा प्रवाह एकाच दिशेने अधिक वाहतो. हा प्रवाह मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजण्याइतका क्षीण असतो. पण नियंत्रक तोच ओळखतो. ओल्या चिनी मातीवरून वीज जमिनीकडे झिरपली, तरी तिला नियंत्रक ज्योत समजत नाही. तो वायू बंद करतो. याचा अर्थ असा, की फ्लेम रॉड चुकला तरी सुरक्षिततेच्या बाजूने चुकतो.

तिसरा प्रकार ज्योतीतील अतिनील किरण पाहणाऱ्या नळीचा. ती झटपट काम करते, पण तिला एक दुर्गुण आहे. म्हातारी झालेली नळी कधीकधी ज्योत नसतानाही ‘ज्योत आहे’ असे सांगू लागते. म्हणून जी भट्टी दिवसेंदिवस अखंड चालते, तेथे स्वतःची परीक्षा स्वतःच घेणारा, ठराविक अंतराने झापड पाडून नळीला तपासणारा सेन्सर हवा. चौथा प्रकार अवरक्त किरणांचा. तो ज्योतीची थरथर ओळखतो, पण नीट रोखून बसविला नाही तर तापलेल्या विटांमुळे फसू शकतो.

एवढ्या तपशिलात जाण्याचे कारण उघड आहे. जुन्या सेन्सरच्या जागी दिसण्यात तसाच, आट्यांत बसणारा आणि निम्म्या किमतीचा नवा सेन्सर आणला, म्हणजे तो बदलला असे होत नाही. तो भट्टीच्या नियंत्रकाशी जुळतो काय, किती सेकंदांत उत्तर देतो, चुकला तर कोणत्या बाजूने चुकतो, सळईची लांबी आणि तिचे ज्योतीतील स्थान मूळचेच आहे काय, धातू त्या तापमानाला टिकतो काय, हे पाच प्रश्न विचारल्यावाचून केलेली खरेदी ही खरेदी नव्हे, तो जुगार आहे. आणि पुष्कळदा तर बदलण्याचीही गरज नसते. सळईवर बसलेले पांढुरके कीट बारीक स्टील वुलने हलकेच काढले, चिनी मातीला गेलेला तडा पाहिला, बर्नरची अर्थिंग तपासली, तर जुनाच सेन्सर पुन्हा कामाला लागतो. ज्या पावसाळी त्रासाचा माझा विद्यार्थी उल्लेख करीत होता, त्याचे मूळ बहुधा खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत आणि गंजलेल्या जोडण्यांत असावे. तेथे तिसऱ्यांदा सेन्सर बदलूनही उपयोग नव्हता.

मग बाजार हे का करीत नाही? याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दिले आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात घेणारा सरासरी प्रतीचीच किंमत देऊ करतो, चांगला माल विकणाऱ्यास ती परवडत नाही आणि हळूहळू निकृष्ट माल चांगल्याला हुसकावून लावतो. सुट्या भागांच्या दुकानात हेच घडते. दोन सळया शेजारी ठेवल्या, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक दिसतो तो सहा महिन्यांनी भट्टीत. आणि ज्याने स्वस्त सळई घेतली तो कारकून बचतीची शाबासकी घेऊन केव्हाच मोकळा झालेला असतो.

हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, स्वस्त सळई ६०० रुपयांची असून चार महिने टिकते. चांगली २,४०० रुपयांची असून दोन वर्षे टिकते. वर्षाचा खर्च पहिलीचा १,८०० आणि दुसरीचा १,२०० रुपये. म्हणजे नुसत्या किमतीतही ‘स्वस्त’ महागच पडते. त्यात प्रत्येक वेळी भट्टी दोन तास थंड पडल्याचे नुकसान १०,००० रुपये धरले, तर पहिलीचा भुर्दंड ३०,००० आणि दुसरीचा ५,००० रुपये होतो. आणि अजून आपण स्फोटाची किंमत धरलेलीच नाही.

ती धरताना एक मूलभूत गोष्ट ध्यानात येते. खरेदीतील बचत मालकाच्या खिशात जाते. चुकीची किंमत मात्र भट्टीसमोर उभा असलेला माणूस मोजतो. ज्याला अर्थशास्त्र बाह्य परिणाम म्हणते, तो येथे कारखान्याच्या भिंतीआडच असतो. १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, तेव्हा तो जाळून टाकू शकणारा ज्वालामनोरा बंद होता. त्याच्या गंजलेल्या नळीचा एक तुकडा बदलावयाचा राहिला होता. आपल्याच जिल्ह्यात नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या प्रकल्पात वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली. त्या दुर्घटनांचा फ्लेम सेन्सरशी संबंध नव्हता. परंतु ज्वलनशील वायू क्षमा करीत नाही आणि मोठ्या यंत्रणेची सुरक्षितता एखाद्या लहान सुट्या भागावर लटकलेली असू शकते, हे दोन धडे त्यांतून घ्यावेच लागतात.

यावर लहान कारखानदारांचा एक आक्षेप आहे आणि तो न्याय्य आहे. मूळ उत्पादकाचे सुटे भाग अवाच्या सवा किमतीला विकले जातात. भट्टी एकदा घेतली, की गिऱ्हाईक बांधले जाते. हे खरे आहे. माझे म्हणणे मूळ कंपनीचाच भाग घ्यावा असे मुळीच नाही. दुसऱ्या उत्पादकाचा भाग जरूर घ्यावा, पण त्याने गुणवैशिष्ट्ये लेखी द्यावीत. सरकारी खरेदीत किमान दराची निविदा स्वीकारली जाते ती तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमधून. आपण नियमाचा उत्तरार्ध पाठ केला आणि पूर्वार्ध विसरलो. दुसरा आक्षेप असा, की भट्टी एकदा ७५०-७६० अंशांच्या वर गेली, की वायू आपोआप पेटतो, मग सेन्सर कशाला? मानकेही त्या तापमानापुढे काही अटींवर सवलत देतात. पण भट्टी रोज थंडीतूनच सुरू होते आणि धोका नेमका त्या पहिल्या तासात असतो. शिवाय भाजणीची आणि बेकरीची भट्टी त्या तापमानाला कधीच पोहोचत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. औद्योगिक वसाहतींतील कारखानदार संघटनांनी सेन्सरचे सामायिक भांडार ठेवावे. एकट्याला न परवडणारा राखीव भाग दहा जणांना सहज परवडतो आणि घाऊक खरेदीत प्रत तपासण्याचे बळही येते. प्रत्येक बदलीनंतर वायूची हातझडप मिटवून, किती सेकंदांत यंत्रणा वायू तोडते हे घड्याळ लावून पाहावे आणि नोंदवहीत लिहावे. ही नोंदवही कारखाना निरीक्षकांनी मागावी. बायपास करण्याचा अधिकार कोणालाही तोंडी असू नये. तो लेखी मागावा लागला, की मागणाऱ्यांची संख्या आपोआप घटेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या विषयाचे दोन तास ठेवले, तरी पुष्कळ काम होईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला भट्टीसमोर उभे राहावयाचे आहे त्याचे मत खरेदीच्या वेळी विचारले जावे. सारखा खोटा इशारा देणारा सेन्सर माणसाचा इशाऱ्यावरचाच विश्वास उडवितो आणि मग खरा इशारा आला, तरी हात बायपासकडे जातो. तो विद्यार्थी अजूनही त्याच भट्टीवर आहे. पुढल्या पावसाळ्यात त्याचा पहारेकरी जागा असेल की नाही, हे सहाशे आणि चोवीसशे रुपयांमधील फरकावर ठरू नये, एवढीच अपेक्षा आहे.