किनाऱ्यावर कोण उभे होते? माहीम, १५०९ आणि इतिहासाचा तास

१/
मुंबईतील शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य हमखास असते. हातात लाकडी वल्ही, डोक्यावर टोपल्या, पालकांच्या टाळ्या. इतिहासाच्या तासाला मात्र हाच कोळी एका वाक्यात आटोपतो : पूर्वी येथे सात ओसाड बेटे होती आणि कोळ्यांची तुरळक वस्ती होती. पुढच्या वाक्यात पोर्तुगीज येतात, त्याच्या पुढच्या वाक्यात बेटे इंग्रजांना आंदण मिळतात.

२/
बेटे कोणी दिली आणि कोणाला दिली, हे या तीन वाक्यांतून मुलांना कळते. ज्या माणसांसकट ती दिली गेली, ती माणसे कोण होती, हे कळत नाही. ही गाळलेली जागा किती मोठी आहे, हे पाहण्यासाठी माहीमएवढे सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

३/
गोंधळ 'शोध' या शब्दापासूनच सुरू होतो. १४९८ मध्ये वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग शोधला, असे मुले घोकतात. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून कालिकतपर्यंत त्याचे जहाज आणले ते तेथे मिळालेल्या माहीतगार वाटाड्याने. त्या वाटाड्याला मार्ग आधीच ठाऊक होता. युरोपला तो १४९८ मध्ये ठाऊक झाला, एवढेच विधान खरे आहे. ते लिहायला एक ओळही जास्त लागत नाही.

४/
'ओसाड' हा दुसरा शब्द. पोर्तुगीज येण्यापूर्वी माहीम हे गुजरातच्या सलतनतीचे नांदते ठाणे होते. पंधराव्या शतकात बहमनी आणि गुजरातचे सुलतान माहीमसाठी लढले. ओसाड बेटासाठी कोणी सैन्य पाठवत नाही. अरबी भाषेत कुराणावर भाष्य लिहिणारे मखदूम अली माहिमी येथलेच. त्यांचा दर्गा आजही माहीमची ओळख आहे.

५/
कोळी, भंडारी, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान अशी अनेक समाजांची वस्ती या किनारपट्टीवर होती. राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' या प्रदेशाची वतने, कुळे आणि राजवटी यांविषयी मराठीतच बोलते. बखरीतले माहीम मुंबईचे की केळव्याचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वादही मुलांना सांगण्यासारखा आहे.

६/
आता जानेवारी १५०९. फ्रान्सिस्को द आल्मेदाचे आरमार दीवच्या लढाईसाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत ते माहीमच्या खाडीशी आले आणि गुजरातचे एक गलबत त्यांनी पकडले. गावकरी भीतीने पळाले. झुडपांत लपलेल्या काहींना पोर्तुगीजांनी धरले. त्यांतले कामाचे ठेवून घेतले आणि उरलेले मारले. हा तपशील पोर्तुगीज वृत्तांतातलाच आहे. जे. गेर्सन द कुन्हा यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या इतिहासात तो दिला आहे.

७/
मुंबईच्या मातीवर पोर्तुगीजांशी झालेल्या पहिल्या ज्ञात भेटींपैकी ही एक. झुडपांत लपलेल्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव नोंदलेले नाही. पकडलेली गुरे आणि पकडलेली माणसे वृत्तांतात शेजारी शेजारी येतात. ज्या मुलाला हा प्रसंग कळला, त्याला इतिहासाचा पहिला धडा मिळाला : नोंद जहाजावर झाली, किनाऱ्यावर झाली नाही.

८/
यावर ठरलेला आक्षेप येतो : मुले लहान आहेत, एवढी हिंसा कशाला? महाराष्ट्रातील चौथीचे मूल अफझलखानाचा वध आणि शाहिस्तेखानाची कापलेली बोटे अभ्यासते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. म्हणजे वयाची सबब खरी नव्हे. वीराच्या हातची हिंसा पाठ्यपुस्तकाला चालते. निनावी माणसाने सोसलेली हिंसा त्याला अडचणीची वाटते.

९/
दुसरा आक्षेप : मग वसईचा विजय शिकवतोच की! जरूर शिकवावा. चिमाजी आप्पांची १७३९ ची मोहीम मोठीच होती. पण १४९८ ला आगमन आणि १७३९ ला पराभव, एवढ्यावर दोनशे चाळीस वर्षांचा हिशेब मिटत नाही. मधल्या काळात येथे माणसे जगली, बदलली, धर्मांतरित झाली, गावे टिकवून राहिली. त्यांचे काय?

१०/
१५३४ मध्ये हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पाठोपाठ फ्रान्सिस्कन पाद्री आले, माहीमला सेंट मायकलचे चर्च उभे राहिले. येथल्याच अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कोणी श्रद्धेने, कोणी लाभापोटी, कोणी दडपणाखाली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही होते.

११/
त्या कुटुंबांचे वंशज आजचे ईस्ट इंडियन. हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वेळी घेतले. त्यांच्या घरात मराठीची बोली टिकली, लग्नात 'उंबराचे पाणी' आणण्याचा विधी टिकला. त्यांना 'बाहेरचे' समजणारे मूल आणि कोळ्याला फक्त नाचताना पाहिलेले मूल, दोघेही एकाच अपुऱ्या धड्याची फळे आहेत.

१२/
युरोपीयही एकजिनसी नव्हते. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. त्यातले पुष्कळ ज्ञान त्याला येथल्या वैद्य-हकिमांकडून आणि व्यापाऱ्यांकडून मिळाले. ओर्ता ज्यू वंशाचा होता. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. हे कळले की 'गोरे विरुद्ध काळे' एवढे सोपे चित्र मुलांच्या मनात उरत नाही.

१३/
मुलांच्या जिभेवरही हा इतिहास आहे. पाव, चावी, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. बटाटा, अननस आणि काजू यांची मुळे त्याही पलीकडे, कॅरिबियन बेटे आणि ब्राझील येथील मूळ रहिवाशांच्या भाषांत आहेत. १४९२ मध्ये कोलंबसने ज्या तैनो लोकांना चुकून 'इंडियन' म्हटले, त्यांचा समाज सक्तमजुरीने आणि रोगराईने अर्ध्या शतकात मोडून पडला. त्यांचा शब्द मात्र माहीमच्या वड्यात आहे.

१४/
ही तुलना जपून करावी. माहीमचे तैनो झाले नाहीत. शिवाय कोकण किनाऱ्याचे सोनकोळी आणि सह्याद्रीतील महादेव कोळी एक नव्हेत. अनुसूचित जमातीत महादेव कोळी आहेत, सोनकोळी नाहीत. 'भोळे, निष्पाप मूलनिवासी' ही प्रतिमाही 'ओसाड बेटां'इतकीच खोटी आहे. हे लोक बंदर, बाजार, भरती-ओहोटी आणि सत्ताधीश, सारे ओळखून होते.

१५/
'आंदण' म्हणजे काय, तेही माहीमलाच विचारावे. १६६१ च्या विवाह-करारानंतर १६६५ मध्ये मुंबईचा ताबा देताना माहीम मुंबईत मोडते की नाही, यावर पोर्तुगीज आणि इंग्रज भांडले. इंग्रजांनी ते बळकावले. माहीमकरांना कोणीच विचारले नाही. १६६८ मध्ये राजाने बेटे कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. तेव्हाही विचारले नाही.

१६/
मग धडा कसा असावा? वर्गाबाहेर. कोळीवाडा, खाडी, किल्ला, दर्गा, सेंट मायकलचे चर्च, सारे एका सकाळच्या चालीत येते. प्रत्येक ठिकाणी मुलांनी तीन प्रश्न विचारावेत : येथे कोण राहत होते? याबद्दल लिहिले कोणी? ज्याने लिहिले नाही त्याचे काय उरले? उत्तर द्यायला कोळीवाड्यातील एखादी आजी बोलवावी. मासळीची नावे, वाऱ्यांची नावे, उधाणाची गणिते तिला येतात. नाच मागून बसवता येईल.

१७/
हा केवळ अभ्यासक्रमाचा वाद नाही. १५०९ नंतर ५०० वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच माहीमच्या उपसागरावर सागरी सेतू खुला झाला. मच्छीमारांच्या हरकती कामाआड आल्या एवढाच त्यांचा उल्लेख राहिला. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. बेटे ओसाड होती असे शिकलेली पिढी उद्या नकाशांवर सह्या करते, आणि नकाशात तिला कोळीवाडा दिसत नाही.

१८/
त्याच वर्गात कोळीवाड्यातले मूलही बसलेले असते. 'पूर्वी येथे तुरळक वस्ती होती' हे वाक्य ते मोठ्याने वाचते. त्या वाक्यात त्याचे घर आहे. ते घर 'पूर्वी' नव्हते, आजही आहे, एवढे तरी त्याच्या पुस्तकाने त्याला सांगितले पाहिजे.