व्हायोलिन्स कुणासाठी वाजतात?

‘सैराट’ची चर्चा झाली ती त्याच्या भीषण शेवटामुळे आणि जातीच्या प्रश्नामुळे. ते योग्यच होते. पण २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आलेला नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट मध्यंतरापर्यंत चक्क खेळकर प्रेमकथा आहे. आर्चीसाठी धावत सुटून विहिरीत उडी घेणारा परश्या, बुलेट नि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, मित्रांची थट्टामस्करी. प्रेक्षक हसतच असतो.

याच गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला. करमाळ्याकडच्या पोरांच्या प्रेमाला हॉलिवूडची व्हायोलिन्स कशाला, असे अनेकांना वाटले.

मला मात्र आमच्या गोंदिया जिल्ह्यातली झाडीपट्टीची नाटके आठवतात. धान निघाले, मंडया भरू लागल्या की ती रात्ररात्र चालतात. रंगमंचापुढे ऑर्गन, तबला, हल्ली ऑक्टोपॅडही. विनोदी पात्र घसरले की थाप पडलीच! हशा लांबला तर वादक हात रोखून धरतो. ही समज यंत्राला कुठून यावी? पण गंमत अशी की ती थाप प्रेक्षकांच्या बाजूने असते. पडणाऱ्याला तीही हसते. सिनेमातल्या खेडवळ प्रेमवीराच्या वाट्यालाही बहुधा असेच टिंगलीचे सूर येतात.

‘याड लागलं’मधली व्हायोलिन्स परश्याला हसत नाहीत. मासेमाराच्या या पोराचे खूळ ती राजपुत्राच्या प्रेमाइतकेच गंभीरपणे घेतात. प्रसंग हसवतो, संगीत मान देते. परदेशी वाद्यवृंदावरचा खर्च मला इथे वसूल झालेला दिसतो.

अर्थात असा ताफा एकेकाळी मुंबईतच होता. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींनी तो घडवला. पुढे सिंथेसायझर आला, एका माणसाच्या बोटांखाली पन्नास वाद्ये आली आणि वादक घरी बसले. व्हायोलिनसाठी अमेरिका गाठावी लागते, यात त्या वादकांची कहाणीही आहे.

‘सैराट’च्या उत्तरार्धात हा थाट ओसरत जातो. शेवटच्या दृश्यात तर संगीतच नाही. छोटे मूल रक्तात भरलेल्या पावलांनी रडत दाराबाहेर येते, आणि त्याचे रडणेही आपल्याला ऐकू येत नाही.