आधी पाणी, मग रोपं

सोसायटीमागच्या पडीक जागेत सगळ्यांची भाजीबाग करायचा ठराव एकमताने मंजूर होतो. वर्गणी जमते आणि तिच्यातली बरीचशी कुंपण, फलक आणि विकतच्या रोपांत जाते. आमचं आग्रहाचं म्हणणं आहे, पहिला आकडा पाण्याचा मांडा. एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट लागवडीला भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५०० लिटर पाणी लागतं. ते टँकरने आणायचं ठरलं तर एप्रिलमध्येच शिल्लक संपते. त्यामुळे टाकी आणि ठिबकच्या नळ्या आधी घ्या. फलक पुढच्या वर्षी लावला तरी चालेल. वाफ्यांवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. त्याला पैसे पडत नाहीत आणि ओल टिकते.

मग माती. १० बाय ३ फुटांचा, फूटभर उंचीचा वाफा ३० घनफूट माती खातो. असे तीन वाफे केले की जवळजवळ एक ब्रास लागली. ती सगळी विकत घ्यायची गरज नाही. पाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून कसदार माती घडवता येते, हे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने आपल्याकडे कधीच दाखवून दिलंय. माघ-फाल्गुनातली पानगळ जाळू नका, साठवा. ओल्या कचऱ्यासोबत कुजवली, अधूनमधून खालीवर केली, तर पावसाळी लागवडीच्या वेळी हाताशी खत असतं.

आणि मे महिना विसरू नका. निम्मी घरं गावी जातात, तेव्हा पाणी कोण घालणार? त्या महिन्याचा माळ्याचा पगार अंदाजपत्रकात आजच लिहून ठेवा.